क्षमा करा, पण दाराला कडी लावून

परवा एका लग्नाच्या निमित्ताने सदलग्याला गेले होते. दूधगंगेकाठचे गाव, चहूकडे ऊस, बाजारात एक वाक्य कानडी तर पुढचे मराठी. जैन आचार्य विद्यासागरांचे हे जन्मगाव. अहिंसा इथे ओसरीवरच्या गप्पांतही येते.

जिथे उतरले होते, त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहते. मनगटाला प्लास्टर. कुणी मोडले, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. वेगळी राहू लागली म्हणून संध्याकाळी तिच्या मंडळीतले दोन वडीलधारे आले. प्रार्थना झाली, आणि निघताना एकजण म्हणाला, "बाई, प्रभूने किती वेळा क्षमा करायला सांगितलंय? सत्तर गुणिले सात. नवऱ्याला घरात घ्या."

ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे चारशे नव्वद वेळा हात मोडून घ्यायचा?"

उत्तर न देता दोघे निघून गेले. ते उत्तर मी देते.

हा हिशेब मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात, जरा वरच्या ओळींत, येशू काय सांगतो? अपराध करणाऱ्याला आधी एकट्याला गाठून सांगा. नाही ऐकले तर साक्षीदार न्या. तरी नाही, तर मंडळीपुढे मांडा. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समजा. या पायऱ्या गाळून थेट बेरीज-गुणाकारावर उडी मारायची, आणि तीही मार खाणारीच्या दारात? नवऱ्याच्या दारात यांपैकी कोण गेले होते?

म्हणतील, प्रभूनेही सोसले. सोसले, पण स्वतःच्या इच्छेने. नासरेथचे लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून सरळ निघून गेला. दुसऱ्याला खांबावर चढवून त्याला भक्ती म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

आपल्या मराठीतलेच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या लेकीच्या 'आजीबाई'. पण काय मानावे, कुणाला शिकवावे, हे इतर ठरवू लागले, तेव्हा रमाबाईंनी ठणकावून लिहिले की इकडच्या पुरोहितांचे जोखड फेकले ते तिकडच्यांचे मानेवर घ्यायला नव्हे. पत्रे मात्र थांबवली नाहीत. माया ठेवली, घराची किल्ली दिली नाही. जेराल्डीनबाई काही हात उगारणाऱ्या नव्हत्या. माया करणाऱ्यांपुढेही रेघ ओढता येते, तर मारणाऱ्यापुढे का नाही?

कायदाही याच वाटेने आला, पण किती उशिरा! १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणे पुरे होते. बायकोला मात्र नुसता छळ दाखवून भागत नसे, जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. हे बदलायला २००१ साल उजाडले. (गोव्याचा विवाहकायदा वेगळा, त्यावर पुन्हा केव्हातरी.) आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांसाठी मात्र सांगते: चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातले ११५३ वे कलम पाहा. जोडीदारापासून जिवाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहायला आधार आहे. उशीर धोक्याचा असेल तर परवानगीची वाटही पाहायला नको. इगर्जीत हे कलम किती पाद्री सांगतात?

क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणे. दार उघडणे ही निराळी गोष्ट, आणि ते मारणाऱ्याच्या पश्चात्तापावर ठरेल, मार खाणारीच्या सहनशक्तीवर नव्हे.

रात्री हे यजमानांच्या जैन वडिलांना सांगितले. म्हातारबाबा म्हणाले, "आमच्यात ठरवून कुणाला मारायचं नाही. पण अंगावर आलेल्याला अडवू नको, असं कुठं लिवलंय?"

त्या दोघा वडीलधाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे: पुढच्या वेळी प्रार्थना करायची तर नवऱ्याच्या दारात करा. आणि अठरावा अध्याय पंधराव्या ओवीपासून वाचा.