साइटेशनचा आकडा मोठा, म्हणून संशोधन खरं?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर महिना आला की बातम्या सुरू होतात: 'अमुक प्राध्यापक जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत', 'तमुक डॉक्टरांचे शोधनिबंध हजार वेळा उद्धृत'. मग सत्कार, शाल, फ्लेक्स आणि व्हॉट्सअॅपवर मुबारकबाद. आपल्यातला कोणी या यादीत आला तर आनंद व्हायलाच हवा. पण वैद्यकीय संशोधनाच्या बाबतीत या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणं गरजेचं आहे. कारण इथे आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू. एका संशोधकाने दुसऱ्याच्या निबंधाचा उल्लेख केला की ते झालं एक साइटेशन. उर्दूत यालाच आपण 'हवाला' म्हणतो. निबंधांची संख्या आणि हवाल्यांची संख्या यांची सांगड घालण्यासाठी अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ साली 'एच-इंडेक्स' सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स २० आहे याचा अर्थ त्याचे किमान २० निबंध असे आहेत की त्या प्रत्येकाचा हवाला किमान २० वेळा दिला गेलाय. हिशोब सोपा असल्यामुळे नेमणूक, पदोन्नती, अनुदान सगळीकडे तो वापरला जाऊ लागला.

आता एक खरं उदाहरण घेऊ.

मार्सेचे प्रोफेसर

दिदिए राऊल हे फ्रान्समधील मार्से शहरातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. २००३ मध्ये महाकाय 'मिमिव्हायरस'ची ओळख पटवणाऱ्या गटातले ते प्रमुख. नावावर दोन हजारांहून अधिक शोधनिबंध, एच-इंडेक्स दीडशेच्या पुढे. म्हणजे कागदावर पाहिलं तर या माणसाच्या शब्दावर शंका घ्यायची कोणाची हिंमत होणार नाही.

मार्च २०२० मध्ये जग कोविडने हादरलेलं असताना त्यांच्या गटाने एक निबंध छापला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरिया आणि संधिवाताचं जुनं औषध, अॅझिथ्रोमायसिनच्या जोडीने दिलं तर नाकातला विषाणू लवकर नाहीसा होतो, असा दावा. निबंध १६ मार्चला जर्नलकडे गेला, १७ तारखेला स्वीकारला गेला आणि २० तारखेला प्रसिद्ध झाला. एका दिवसात तपासणी! आणि त्या जर्नलचे मुख्य संपादक स्वतःच या निबंधाच्या लेखकांपैकी एक होते.

आत काय होतं? सुरुवातीला रुग्ण ४२, त्यातले २६ औषध घेणारे आणि १६ तुलनेसाठी. शेवटच्या हिशोबात मात्र ३६ च उरले. गळालेले सहाही रुग्ण औषध घेणाऱ्या गटातले. त्यातले तिघे अतिदक्षता विभागात गेले, एकाचा मृत्यू झाला, एकाने मळमळीमुळे औषध सोडलं, एक दवाखान्यातून निघून गेला. नववीच्या वर्गात मी हा हिशोब फळ्यावर मांडला, तर मुलं विचारतील, 'सर, जे बरे झाले नाहीत त्यांनाच वगळलं तर रिझल्ट चांगला लागणारच ना?' शाळेने नापास होणारी मुलं आधीच यादीतून काढली आणि शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावला, तसाच हा प्रकार.

मार्सेपासून धारावीपर्यंत

निबंध छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या औषधांच्या जोडीची ट्विटरवरून तारीफ केली. भारतात त्याच आठवड्यात आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरातल्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुचवलं. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने धारावी आणि वरळीच्या दाट वस्त्यांत ते वाटण्याची योजना आखली, पुढे ती थांबवली गेली. लोकांनी दुकानांतून गोळ्या उचलल्या आणि ल्युपस, संधिवात यांसाठी रोज हे औषध लागणाऱ्या रुग्णांना वणवण करावी लागली.

खरा निकाल जूनमध्ये आला. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत कोणाला औषध मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. औषध मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले. नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के. म्हणजे औषधाचा फायदा शून्य.

पण तोवर निबंध जगभर फिरला होता. त्याला तीन हजारांहून अधिक हवाले मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये जर्नलने तो अधिकृतपणे मागे घेतला. रुग्णांची नैतिक परवानगी आणि संशोधनाची पद्धत यांबद्दलचे प्रश्न हे कारण. त्याआधी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांच्या शिस्तपालन मंडळाने राऊल यांना दोन वर्षं वैद्यकीय व्यवसायास बंदी घातली होती. दरम्यान, त्यांच्या निबंधांतल्या त्रुटी दाखवणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक यांच्याविरुद्ध सरकारी वकिलांकडे तक्रारही झाली होती. आकड्याने मोठा असलेला माणूस प्रश्न विचारणाऱ्याला कसा घाबरवू शकतो, ते यातून दिसतं.

हवाला म्हणजे शाबासकी नव्हे

इथेच मुद्द्याची गोष्ट आहे. त्या तीन हजार हवाल्यांत 'हा निबंध चुकीचा आहे' असं सांगणारेही खूप आहेत. मोजणाऱ्या यंत्राला त्याचं काही देणंघेणं नाही. कोर्टात साक्षीदाराचं नाव किती वेळा घेतलं गेलं, यावरून तो सच्चा की झूठा हे ठरत नाही. तसंच हे.

दुसरं, निबंधांची संख्या व्यवस्थेमुळेही फुगते. फ्रान्समध्ये सरकारी रुग्णालयांना प्रकाशित निबंधांच्या गुणांवर निधी मिळतो. अनेकदा संस्थाप्रमुखाचं नावही निबंधांवर लागतं. आपल्याकडे काय वेगळं आहे? वैद्यकीय महाविद्यालयात पदोन्नतीसाठी निबंध लागतात, म्हणून निबंध निघतात. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत, एकमेकांना हवाले देण्याचे करारही चालतात. २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी संस्थांचे गुण कापायला पहिल्यांदा सुरुवात झाली. उशिरा का होईना, पण पाऊल योग्य आहे.

आणि ती २ टक्क्यांची यादी? ती तयार करणारे स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस हे स्वतः वैद्यकीय संशोधक. प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष खोटे का ठरतात, यावरच त्यांनी २००५ मध्ये गाजलेला निबंध लिहिला होता. त्यांनीच अलीकडे आपल्या यादीला मागे घेतलेल्या निबंधांची माहिती जोडली, तेव्हा यादीतल्या ३ ते ४ टक्के शास्त्रज्ञांचा किमान एक निबंध मागे घेतला गेल्याचं दिसलं. यातले सगळेच लबाड नसतात, प्रामाणिक चूक झाली म्हणून निबंध मागे घेणारेही असतात. पण यादीत नाव आलं म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असं होत नाही.

उलटी बाजू

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे. कॉलराचे जंतू एक विष सोडतात आणि त्यामुळेच शरीरातलं पाणी वाहून जातं, हे त्यांनी साध्या प्रयोगशाळेत सिद्ध केलं. १९५९ साली 'नेचर'मध्ये छोटासा निबंध आला. बरीच वर्षं त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, तेव्हा ते केव्हाच निवृत्त झाले होते. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं. हयातीत भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. गंमत बघा, त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कामाचं मोल सविस्तर मांडणारे होते यूजीन गारफील्ड, म्हणजे साइटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली तेच गृहस्थ.

म्हणजे मोठा आकडा असूनही काम पोकळ निघू शकतं आणि छोट्या आकड्याआड अनमोल काम असू शकतं.

आपण काय करायचं?

साइटेशन फेकून द्या, असं मी म्हणत नाही. कोणत्या कामावर चर्चा चाललीय हे त्यावरून कळतं. पण कोणी 'मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून औषध पुढे केलं, तर चार साधे प्रश्न विचारा. रुग्ण किती होते? तुलनेला दुसरा गट होता का, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे कसं ठरलं? मध्येच गळालेल्यांचं काय झालं? दुसऱ्या कोणी तेच करून पाहिलं का?

हे प्रश्न फक्त परदेशी प्रोफेसरांसाठी नाहीत, आपल्या घरच्या औषधांनाही तेच विचारले पाहिजेत. २०२० मध्ये मालेगावचा मन्सुरा काढा घरोघरी गेला. शहरातली साथ ओसरली तशी त्याची शोहरत वाढली. लोकांचा विश्वास समजण्यासारखा आहे. पण काढा न घेतलेल्यांचं काय झालं हे शेजारी मांडल्याशिवाय श्रेय काढ्याचं की आणखी कशाचं, हे ठरत नाही. आपला म्हणून सूट आणि परका म्हणून कडक तपासणी, हा इन्साफ नव्हे.

उलट दिशेनेही हेच. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नामांकित जर्नलने ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घातक असल्याचं सांगणारा निबंध छापला. माहितीची खातरजमा होऊ शकली नाही, म्हणून दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. औषध निरुपयोगी आहे हे पुढे खरंच ठरलं, तरी त्या निबंधाचा पुरावा तेव्हाही कच्चा होता आणि आजही कच्चाच आहे.

आपली मुलं आज एमबीबीएस, बीयूएमएस, फार्मसीला जातायत. उद्या तीही निबंध लिहितील. त्यांना 'किती छापले?' असं विचारण्याऐवजी 'काय शोधलं आणि कसं तपासलं?' असं विचारायची सवय घरातूनच लावू या. सत्कार जरूर करा, पण हार घालण्याआधी एकदा त्यांचा निबंध वाचा. तो कळला नाही तर त्यांनाच समजावून सांगायला सांगा. ज्याचं काम पक्कं असेल, तो खुशीने सांगेल.