‘किरकोळ दुरुस्ती’ असलेली होडी

खानदेशाला समुद्र नाही, पण पाणी आहे, आणि ते बहुतेक सर्व धरणांचे आहे. उकाईचे धरण १९७२ साली गुजरातेत पुरे झाले आणि तापीचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या बाजूस शिरला. हतनूरच्या धरणाने तापी आणि पूर्णेच्या संगमाभोवतीचा, चांगदेवजवळचा टापू पाण्याखाली घेतला. पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना वेढले. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. ज्यांची शेती या पाण्याखाली गेली त्या भिल्ल-पावरा कुटुंबांपुढे आणि नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या भोई-धीवरांपुढे मासेमारी हाच जवळचा व्यवसाय उरला. त्यासाठी जाळे लागते आणि होडी लागते. जाळे घरी विणता येते, फाटले तर घरी सांधता येते. होडीचे तसे नाही. या लेखाचा विषय ती होडी आहे. आणि तीही नवी नव्हे, जुनी, तळ दुरुस्तीला आलेली.

आमच्याकडे पूर्वी लाकडी डोंगे असत. सातपुड्यातला साग आता सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही आणि होडी बांधणारा सुतारही दुर्मिळ झाला आहे. तेव्हा अनेक जलाशयांवर माणसे ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकताना दिसतात. त्या तराफ्यावरून जो एक पायरी वर चढू पाहतो तो प्रथम फायबरच्या जुन्या होडीची चौकशी करतो. ती होडी बहुधा किनाऱ्यावरून येते. समुद्रावर काही वर्षे वापरलेली होडी ट्रकवर घालून सुरत-धुळे महामार्गाने नवापूरमार्गे किंवा मुंबईकडून कसारा घाटाने आणली जाते. एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी अशाच एका व्यवहाराचा कागद मला दाखविला. त्यात किंमत होती, लांबी होती, आणि शेवटी तीन शब्द होते : ‘तळाला किरकोळ दुरुस्ती’. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे लक्ष किमतीपेक्षा या तीन शब्दांकडे अधिक जाते, कारण सगळा व्यवहार त्यांतच लपलेला असतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला; पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या मोटारीत काय दडले आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधगिरीने सर्वच मोटारींना मधली किंमत देतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, तो ती बाजारात आणीतच नाही. उरतात त्या वाईट. हा सिद्धांत वर्गात शिकविताना मोटारींचे उदाहरण देणे सोपे होते. पण मोटारीला निदान गावोगाव मिस्त्री मिळतो. आमच्या जलाशयांच्या काठी फायबरचा तळ तपासू शकणारा माणूस बहुधा नसतो, म्हणजे विकणाऱ्याचे ज्ञान आणि घेणाऱ्याचे अज्ञान यांतील अंतर येथे कितीतरी मोठे आहे. विकणारा दुष्टच असतो असे मुळीच नव्हे. तोही कर्जात असलेला कोळी असू शकतो.

तेव्हा प्रथम ते ज्ञान आपल्या कार्यकर्त्यांपाशी असले पाहिजे. फायबरची होडी म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि पॉलिस्टर रेझिन यांचे एकावर एक घट्ट बसलेले थर. बाहेरून जेलकोटचा गुळगुळीत, रंगीत लेप. हे थर जोवर एकजीव आहेत तोवर होडी लाकडापेक्षा टिकाऊ. लहान हातोडीने किंवा नाण्याने तळावर हळूहळू ठोकत गेले असता एकजीव भाग खणखणतो. जेथे थर सुटले आहेत तेथे भदभद आवाज येतो. ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि तिला खर्च नाही. तळावर फोड आले असतील तर ते कमी लेखू नयेत. जेलकोटमधून पाणी आत झिरपते, रेझिनमधील काही द्रव्ये विरघळविते, आणि आतला दाब वाढून फोड येतो. तो फोडल्यास आंबूस वासाचा द्रव बाहेर पडतो. ही झिरपण खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या आणि उबदार पाण्यात जलद होते. समुद्रावर दहा वर्षे बरी चाललेली होडी तापीच्या किंवा नर्मदेच्या पाण्यात दोन-तीन पावसाळ्यांत फोडांनी भरली, तर त्यात नवल नाही. (गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे तीच होडी तेवढ्याच ओझ्याने येथे किंचित अधिक बुडते, हेही लक्षात असावे.)

सर्वांत फसवी जागा मागच्या फळ्याची. इंजिन ज्या फळ्यावर बसते त्याच्या पोटात अनेकदा प्लायवुड घातलेले असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी गेले की ते आतल्या आत कुजते, आणि बाहेरचे फायबर मात्र तुळतुळीत दिसते. इंजिन वरखाली दाबून पाहावे. फळा लवत असेल तर ‘किरकोळ’ हा शब्द तेथेच खोडून टाकावा. त्याचप्रमाणे तळावर नुकताच रंग दिलेला असेल तर आनंदित होऊ नये. मोटारीच्या पत्र्यावर भरतात ती पुट्टी भेगेत भरून वर रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे. खरी दुरुस्ती करायची तर खराब भाग घासून निरोगी थरापर्यंत जावे लागते, कड जाडीच्या सुमारे बारापट उतरती करावी लागते, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या तळाला प्रत्येक बाजूस सात सेंटिमीटरपेक्षा जास्त. मग तो भाग पूर्ण वाळू द्यायचा आणि एकेक थर पुन्हा चढवायचा. आणि एक इशारा, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे : रेझिन लवकर बसावे म्हणून मिळणारे कोबाल्टचे द्रावण आणि हार्डनर ही दोन द्रव्ये कधीही परस्परांत थेट मिसळू नयेत, आग लागते, स्फोटही होऊ शकतो. प्रत्येक द्रव्य वेगवेगळे रेझिनमध्ये घालावयाचे असते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवा. साधा गमछा पुरत नाही.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. समजा नवी होडी दोन लाखांना आहे आणि ती १२ वर्षे चालेल. जुनी ६० हजारांना मिळते. वाहतूक १८ हजार, खरी दुरुस्ती २७ हजार. एकूण १,०५,०००, आणि ती ५ वर्षे चालेल. नव्या होडीचा वार्षिक घसारा सुमारे १६,७०० रुपये, जुनीचा २१,०००. अनुदान मुळीच न धरताही जुनी होडी महाग पडते. मग गरीब माणूस जुनी का घेतो? कारण त्याच्यापाशी दोन लाख नसतात. ६० हजार असतात, तेही उसने. दरमहा शेकडा ३ दराने ६० हजारांचे व्याज वर्षाला २१,६०० होते, म्हणजे घसाऱ्याहूनही अधिक. हे पैसे पुष्कळदा मासळीचा व्यापारीच उचल म्हणून देतो, आणि व्याजाऐवजी मासळी आपल्या भावाने घेतो. होडी कागदोपत्री मच्छीमाराची, पण ती पाण्यात जाते ती व्यापाऱ्याच्या कामावर. ज्याच्यापाशी थोडे असते त्याला प्रत्येक वस्तू अधिक महाग पडते, हे तत्त्व आपण शेतमजुराच्या किराण्यात पाहिले आहे. येथे ते उत्पादनाच्या साधनात दिसते आणि म्हणून अधिक घातक आहे.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटींचा होता. पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या जागी नवी होडी व जाळी घेण्यास तीत साहाय्य आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पण वरच्या उदाहरणात ६० टक्के अनुदान मिळूनही ८० हजार स्वतःचे उभे करावे लागतात, आणि अनुदान बहुधा खरेदीनंतर हाती येते. आधी दोन लाख कोण देणार? तोच व्यापारी. शिवाय या साऱ्या विचाराची दृष्टी नव्या वस्तूवर खिळलेली आहे. नव्या होडीचे वाटप समारंभपूर्वक होते, छायाचित्र निघते. दुरुस्तीचे छायाचित्र कोण काढणार? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या पैशातून फायबरच्या होड्या घाईघाईने वाटल्या गेल्या आणि त्यांपैकी अनेकींच्या दर्जाविषयी लवकरच तक्रारी सुरू झाल्या. ते उदाहरण आपल्यापुढे आहे.

आपल्या सहकारी संस्थांनाही मी मोकळे सोडू इच्छीत नाही. अनुदानाची होडी घेतली, सभासदाला दिली, नोंदवहीत लिहिली, की काम संपले असे आपण मानतो. घसाऱ्याची रक्कम दरवर्षी बाजूला काढून गंगाजळीत टाकणारी मच्छीमार संस्था शोधावी लागते. खाजगी कारखानदार जे निमूटपणे करतो ते आपण समाजवादाच्या नावावर टाळतो, आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा अर्ज घेऊन उभे राहतो. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचे हक्क मिळविले आणि तवा मत्स्य संघाच्या रूपाने सुमारे दहा वर्षे तो व्यवसाय स्वतः चालवून दाखविला. त्यामागे सुनीलभाईंसारखा अर्थशास्त्र शिकलेला समाजवादी कार्यकर्ता होता. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने तो हक्क गेला, ही वेगळी आणि कडू कथा आहे. आपल्या कामासाठी घ्यायचे ते इतकेच, की जलाशयावर हक्क मागणाऱ्या संघटनेला विक्री, उधारी आणि होडी यांची व्यवस्था स्वतः लावावी लागते.

जुनी होडी घेऊच नये असे माझे मत नाही. तळाचा कणा शाबूत असेल, मागचा फळा घट्ट असेल आणि झीज केवळ बाहेरच्या थरांत असेल, तर ती जरूर घ्यावी; काचेचे तंतू लाकडासारखे कुजत नाहीत, आणि दुरुस्त झालेला भाग नीट केला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. मात्र दुरुस्तीचा खर्च आधी काढावा, तो किमतीतून वजा करावा, आणि हे सारे दोघा-तिघा जाणकारांनी होडी पाण्याबाहेर उलटी घालून पाहिल्यावर ठरवावे. उलटी करू न देणाऱ्या विक्रेत्याशी बोलणी पुढे नेऊ नयेत.

जाणकार आणावेत कोठून? जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया आणि पाईप तयार होतात. फायबरचे दरवाजे नि टाक्या ओतणारे कारागीर आमच्या शहरांत आहेत. चटई, रेझिन, हार्डनर यांचे हस्तकौशल्य तेच. नंदुरबार, धुळे आणि जळगाव येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फायबर दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग सुरू करावा, आणि त्यात निम्म्या जागा बुडीत गावांतील मुला-मुलींना द्याव्यात, ही मागणी खर्चिक नाही. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फायबरचे अस्तर दिलेल्या रबराच्या लाकडाच्या होड्यांवर काम केले आहे; तिच्याकडून शिक्षक मागविता येतील. दुसरी मागणी अशी की अनुदानाच्या योजनेत तपासणी करून केलेली दुरुस्ती नव्या होडीइतकीच पात्र धरावी.

१५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, अक्राणी तालुक्यात भुशाजवळ नर्मदेच्या फुगवट्यात माणसांनी भरलेली होडी उलटली आणि माणसे बुडाली. ती होडी तळ खराब असल्यामुळे उलटली असे मी म्हणत नाही. क्षमतेबाहेर माणसे चढल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. पण ज्या पाण्याच्या तळाशी बुडालेल्या जंगलाचे बुंधे उभे आहेत आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की होडी खडकांवरून ओढावी लागते, तेथे मासेमारीच्या होडीतूनच बाजारहाट होतो, आजारी माणूसही त्याच होडीतून दवाखान्यात जातो. प्रत्येक होडीत जीवरक्षक जॅकेट असणे आणि माणसांची कमाल संख्या होडीच्या कडेवर रंगविणे, या दोन गोष्टी संस्थेने ठराव करून आजच अमलात आणाव्यात.

आणि दुरुस्तीचा काळ. किनाऱ्यावरचे लोक पावसाळी बंदीच्या सुमारास होड्या विकायला काढतात, म्हणून आमचे लोक आषाढात खरेदी करतात आणि दमट हवेत, घाईघाईने भेगा बुजवून श्रावणात होडी पाण्यात लोटतात. ओलावा राहिलेल्या तळावर चढविलेला थर सुटतोच. खानदेशचा चैत्र-वैशाख या कामाला उत्तम : हवा कोरडी, पाणी उतरलेले, होडी काठावर. तेव्हा होळीच्या आधी चटई आणि रेझिनची मागणी नोंदवावी, रेझिनचे डबे मात्र आमच्या ४५ अंशांच्या उन्हात न ठेवता सावलीत ठेवावेत, नाहीतर हार्डनर घालण्यापूर्वीच ते डब्यात घट्ट होऊन बसते.