ध्रुवीय प्रकाश व एका ओळीचें उत्तर

नॉर्वेसारख्या उत्तरेकडील देशांत हिवाळ्याच्या रात्रीं आकाशांत हिरव्या व तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलकावतांना दिसतात. यांस ध्रुवीय प्रकाश म्हणतात. तो कशामुळें पडतो असें विचारिलें असतां "सौरवातामुळें" एवढें सांगून विद्यार्थी मोकळा होतो. हें उत्तर खोटें नाहीं, अपुरें आहे. चुकलेलें उत्तर गुरुजी सुधारतात; अपुऱ्यास मात्र पूर्ण गुण मिळतात व तें जन्मभर तसेंच राहतें. म्हणून अशा उत्तरावर संतुष्ट होणें घातक आहे, असें आमचें मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही इतर ग्रहांची साक्ष काढितों.

सौरवात म्हणजे सूर्यापासून सर्व दिशांस वाहणारा विद्युद्भारित कणांचा प्रवाह होय. त्याचा वेग सामान्यतः सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र त्यास अडवितें; परंतु या झुंजींत त्या क्षेत्रांत शक्ति सांठते. ती मोकळी होतांना कण ध्रुवांकडील वातावरणावर आदळतात, आणि तेथील प्राणवायु व नत्रवायु प्रकाशूं लागतात. सौरवादळ प्रबळ असल्यास हा प्रकाश दूरवर दिसतो. मे २०२४ मध्यें लडाखांतील हानले येथूनहि तांबडी आभा दिसली होती.

आतां गुरूकडे वळूं. तेथील ध्रुवीय प्रकाश १९७९ सालीं व्हॉएजर यानानें टिपला. गुरु दहा तासांच्या आंत स्वतःभोंवतीं फिरतो. त्याच्या आयो नामक उपग्रहावर धगधगते ज्वालामुखी असून त्या उपग्रहापासून दर सेकंदास सुमारें एक टन द्रव्य अवकाशांत जातें. तें विद्युद्भारित होऊन गुरूच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर फरफटत जातें, आणि या फिरण्याची शक्तिच मुख्यतः ध्रुवांवर प्रकाशरूपानें प्रकट होते. म्हणजे येथें दिव्यांतील तेल बहुतांशीं घरचेंच आहे! शनीवर मात्र सौरवाताचा दाब वाढला कीं प्रकाश उजळतो, असें जानेवारी २००४ मधील हबल दुर्बीण व कॅसिनी यान यांच्या निरीक्षणांवरून दिसून आलें.

मंगळाची गोष्ट आणखी निराळी. त्याचें सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र फार प्राचीन काळींच लोपलें. कणांस ध्रुवांकडे वळविणारें कोणी नसल्यामुळें सौरवादळाच्या वेळीं तेथील आकाश दूरवर मंदपणें उजळतें. १८ मार्च २०२४ रोजीं पर्सिव्हिअरन्स या गाडीनें मंगळाच्या भूमीवरून अशी हिरवी आभा टिपली. तेथें "ध्रुवीय" हें नांवसुद्धां लागू पडत नाहीं.

परीक्षेंत एक ओळ पुरते, मग ही यातायात कशास, असा आक्षेप कांहीं पालक घेतील. ती ओळ पाठ करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गुरूवर एकाच शब्दानें भागत नाहीं, हें मनुष्यास कळलें तें पाठांतरानें नव्हे, तर यान पाठवून पाहिल्यानें. मुलानें घरीं उत्तर म्हणून दाखविल्यावर पालकांनीं एवढेंच विचारावें : "हें सर्वत्र असेंच घडतें काय?" मूल निरुत्तर झालें तरी खेद मानूं नये, त्याचा खरा अभ्यास तेथूनच सुरू होईल.