अब्बूंची मूठ किती ग्रॅमची?

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बू शाळेत आले. नागपुरात लग्नाच्या देगा शिजवणारे बावर्ची. "मॅडम, समजवा त्याला. तीस वर्षं मी धूर खाल्ला, आता हाही शेफच व्हायचं म्हणतो."

त्यांची चीड मला कळली. बिर्याणीची तारीफ आपण हात चाटत करतो. बावर्चीला दस्तरखानावर बसवतो का?

मी त्यांना इम्तियाज कुरेशींबद्दल सांगितलं. लखनऊच्या बावर्ची घराण्यातले, लहानपणीच चुलीपाशी आलेले. आयटीसीच्या हॉटेलांत त्यांनी दमपुख्तला मान मिळवून दिला. २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये इंतकाल झाला. अर्थात सगळेच कुरेशी होत नाहीत.

हॉटेलच्या किचनमध्ये नवा मुलगा 'कॉमी' म्हणून लागतो. कांदे सोलायचे, भाजी एका मापात चिरायची, फ्रिज आवरायचा. मग डेमी शेफ, शेफ द पार्टी म्हणजे एका विभागाचा प्रमुख, सू शेफ, आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. तासन् तास उभं राहायचं, आणि लोकांची सुट्टी तेव्हा यांची धावपळ. अंदाज तिथे चालत नाही. मसाला ग्रॅममध्ये, कच्च्या मटणाचा बोर्ड वेगळा, थंड पदार्थ ५ अंशांखाली, गरम ६० च्या वर.

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन' हा १ वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबईत दादरच्या आयएचएमसारख्या संस्थेत ३ वर्षांची पदवी घेता येते. फी मात्र आयटीआयच्या कितीतरी पट.

खरा सवाल त्याच्या अम्मीने फोनवर विचारला. "मॅडम, तिथे डुक्कर, शराब असेल ना?" मोठ्या हॉटेलात बहुधा असते, आणि नव्या मुलाला 'हे मी शिजवणार नाही' म्हणणं सोपं नाही. बेकरी सुरक्षित वाटते, पण केकमध्येही रम पडते. तंदूर विभाग, इस्पितळांची किचन, हलाल रेस्टॉरंट, आखातातली नोकरी असे रस्ते आहेत. प्रॅक्टिकलमध्ये काय हाताळावं लागेल, हे फी भरण्याआधीच संस्थेला विचारा. जायज-नाजायज आलिमांना विचारा, ते माझं काम नाही.

मुलाला मी एक काम दिलं. सुट्टीत अब्बूंसोबत लग्नांना जायचं आणि एका देगेचा सगळा मसाला तोलून वहीत लिहायचा.

परवा वही घेऊन आला. धण्यापासून शहाजिऱ्यापर्यंत सगळं ग्रॅममध्ये. फक्त मिठापुढे दोन आकडे होते. "मॅडम, अब्बूंची मूठ दोनदा तोलली, दोन्ही वेळा वेगळी निघाली. बिर्याणी मात्र दोन्ही दिवस तशीच झाली. आता काय लिहू?"