दप्तर भरलं, पण मूल तयार आहे का?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या घरी एकच धांदल उडते. ब्राऊन पेपरचे गुंडाळे, नावाची स्टिकर्स, नव्या बुटांचा वास, गणवेश मापाचा घ्यायचा की दोन बोटं मोठा यावरून सासू-सुनेत चाललेली कुजबुज. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो गडी मात्र नवा रेनकोट घालून भर उन्हात अंगणात फिरत असतो. आठ दिवसांत दप्तर भरून तयार होतं आणि आई सुटकेचा नि:श्वास टाकते.

मग शाळेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या पोटात दुखायला लागतं.

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात हे घडतंच. पहिल्या दिवशी मुलगी हसत-हसत गेलेली असते, फोटोही काढून झालेले असतात. दुसऱ्या दिवशी ती परत येते ती ओली चड्डी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. तिसऱ्या दिवशी पोटदुखी. आईला वाटतं, नाटक आहे. वडील म्हणतात, ‘‘फार लाड झाले, आता दोन दिवस जरा कडक वाग.’’ शेवटी रात्री आजीच्या कुशीत शिरल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. शाळेतल्या बाथरूमचं दार जड, कडी हाताला येत नाही आणि आत अडकलो तर कोण काढणार, ही भीती. म्हणून तिने दिवसभर रोखून धरलं आणि शेवटच्या तासाला व्हायचं ते झालं. मुलं हसली. त्या दिवसापासून पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी येत होती, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

बाराखडी, शंभरपर्यंत आकडे, इंग्रजी कविता, सगळं तिला येत होतं. आलं नाही ते एवढंच.

आधी ही तयारी

सहा वर्षांच्या मुलाची शाळेची तयारी म्हटलं की पालकांना पाटी-पेन्सिल आठवते. पण पहिल्या महिन्यात मुलाला अडवणाऱ्या गोष्टी अक्षरांच्या नसतात. त्या बटणांच्या, कड्यांच्या आणि डब्याच्या झाकणांच्या असतात. घरी यातलं प्रत्येक काम कुणीतरी करून देतं, कारण सकाळी सगळ्यांनाच घाई असते. शाळेत एका बाईंकडे तीस-चाळीस मुलं. त्या कुणाकुणाची बटणं लावणार?

म्हणून सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस यासाठी ठेवा. चड्डी किंवा पँट शक्यतो इलॅस्टिकची घ्या. हूक आणि घट्ट बटणं दिसायला कितीही छान असली तरी घाईच्या वेळी लहान बोटांना साथ देत नाहीत. घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर उकिडवं बसायची सवय आधी करून घ्यावी लागते. शहरातल्या कितीतरी मुलांना ती नसते. स्वत:ची स्वच्छता, मग साबणाने हात, हेही मुलालाच करू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. कडी लावणं-काढणं हा तर घरातल्या घरात खेळायचा खेळ आहे. शाळेत आधी जाऊन येता आलं, तर वर्ग दाखवण्याआधी मुलाला बाथरूम दाखवा. पाण्याची टाकी कुठे, चपला कुठे काढायच्या, आपल्या वर्गाच्या दारावर कसलं चित्र आहे, हे पाहून आलेलं मूल पहिल्या दिवशी निम्मं निर्धास्त असतं.

डब्याचंही तसंच. तीन कप्प्यांचा, क्लिपांचा डबा दुकानात मोहात पाडतो, पण तो मुलाला स्वत: उघडता आला पाहिजे. दुकानातच त्याच्या हातात देऊन पाहा. बाटलीचं झाकणही त्यालाच फिरवू द्या. पोळीची गुंडाळी करून दिली तर तोडत बसावं लागत नाही. वीस मिनिटांच्या सुट्टीत चार घास होतात, हे गृहीत धरूनच डबा भरावा. घरी कार्टून बघत, आईच्या हातून, पाऊण तास जेवणाऱ्या मुलाचा डबा शाळेतून तसाच परत येणार, आणि मग ‘‘काहीच खात नाही हो’’ ही तक्रार सुरू होणार. ज्या शाळांत दुपारचा पोषण आहार मिळतो तिथे प्रश्न वेगळा असतो. ताटली हातात धरून रांगेत उभं राहायचं आणि न सांडता जागेवर येऊन बसायचं. हेही घरी करून बघण्यासारखं आहे.

झोपेचं वेळापत्रक मात्र एका रात्रीत बदलत नाही. सुट्टीत अकराला झोपणारं मूल चौदा जूनच्या रात्री नऊला झोपेल, ही अपेक्षाच चुकीची. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच. तरी रिक्षा किंवा बस घरापाशी किती वाजता येते, हे बघूनच गजर लावावा लागतो.

‘शू’ला काय म्हणायचं?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांचा प्रश्न आणखी थोडा नाजूक. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली इथल्या घरांत मूल आजी-आजोबांशी मराठी बोलतं. शाळेत मात्र हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी. पालकांना काळजी असते ती मोठी, म्हणजे याला धडे समजतील का याची. मुलाची अडचण अगदी लहान असते. बाथरूमला जायचंय, पाणी हवंय, तो मला ढकलतोय, माझं डोकं दुखतंय, ही चार-पाच वाक्यं शाळेच्या भाषेत कशी म्हणायची तेच त्याला माहीत नसतं. घरात ‘शू’ आणि ‘शी’ या शब्दांवर भागतं, वर्गात ते बोलायची लाज वाटते, मग मूल गप्प बसतं. बाई शेरा मारतात, ‘मुलगा फार शांत आहे’, आणि घरी सगळे खूश होतात.

ही चार-पाच वाक्यं खेळता-खेळता पाठ करून घ्या. बाकीची भाषा मुलं मैदानावर तुमच्या-आमच्यापेक्षा लवकर उचलतात. त्यासाठी घरातलं मराठी बंद करण्याची मात्र काहीएक गरज नाही. काही हौशी पालक शाळा सुरू व्हायच्या आधी महिनाभर घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलू लागतात. त्याने इंग्रजी येत नाही, आजीशी असलेलं बोलणं तेवढं तुटतं.

वयाचा घोळ

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांनी एक गोष्ट वेळेवर तपासावी. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं, केंद्रीय विद्यालयात हीच मोजणी 31 मार्चला होते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं मूल नाशकात ज्या वर्षी पहिलीत बसेल, त्याच वर्षी केंद्रीय विद्यालयात बसू शकणार नाही. शिवाय दिल्लीकडच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला, आणि विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिराने.

या नियमांत मूल बसत असलं तरी ते बसवलंच पाहिजे असं नाही. साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल एकाच बाकावर बसतं तेव्हा लहान मुलाची पेन्सिल मागे पडते, आणि ते ‘ढ’ आहे असा समज सगळ्यात आधी घरातच होतो. वर्ष वाचवण्याच्या हट्टाचे पैसे मूल फेडतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहा वर्षं पूर्ण झाल्यावर पहिली, हीच वाट धरली आहे.

आणि कुणी शाळा प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतो म्हणाली, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशी चाळणी लावायला बंदी आहे, हे लक्षात असू द्या. जन्मदाखला हाताशी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. दाखला काढून ठेवावाच, पण एका कागदापायी मूल घरी बसवू नये. मुलाचं वय पाच ते सहाच्या दरम्यान असताना त्रिगुणी लशीचा बूस्टर द्यायचा असतो. प्रवेशाच्या गडबडीत तो हमखास राहतो. लसीकरणाचं कार्ड त्याच फाइलमध्ये ठेवलं तर आठवण राहते.

‘‘थांब, बाईंना सांगते’’

घरातली मोठी माणसं अजाणता जे बोलतात त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ‘‘आता शाळा सुरू झाली की कळेल.’’ ‘‘बाई बघ कशा सरळ करतील तुला.’’ ‘‘आता मजा संपली.’’ आजोबा हे सगळं कौतुकानेच बोलतात. पण वर्षभर असं ऐकलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर शाळा कशी उभी राहत असेल? ज्या बाईंचा धाक घातला, त्यांच्याकडेच ‘मला बाथरूमला जायचंय’ म्हणून जायला त्याने धजावं कसं? शाळेत मारायला आणि मुलाचा मानसिक छळ करायला कायद्याने मनाई आहे. तो धाक घरातून पाठवण्याचं काही कारण नाही.

सासूबाईंना हे सूनबाईंनी सांगायचं म्हणजे घरात वेगळाच प्रसंग उभा राहणार. तेव्हा हे काम मुलाने आपल्या आईजवळ करावं, ते बरं. आजी-आजोबांकडे दुसरी एक कामगिरी सोपवता येते, आपल्या शाळेच्या गमती सांगण्याची. शेणाने सारवलेला वर्ग, पावसात गळणारं छप्पर, बाकाखाली सापडलेलं बेडूक. शाळेत पहिल्या दिवशी आजोबाही रडले होते, हे ऐकून मुलाला जेवढा धीर येतो तेवढा तुमच्या दहा उपदेशांनी येत नाही.

फाटकापाशी

निरोप लहान असावा. ‘‘मी इथेच उभी आहे हं’’ असं सांगून लपूनछपून निघून जाऊ नका. मुलाने वळून पाहिलं आणि आई दिसली नाही, की दुसऱ्या दिवशी ते पदर सोडणार नाही. ‘‘घंटा झाली की मी याच झाडाखाली असेन’’ असं खरं काय ते सांगा आणि घंटेच्या पाच मिनिटं आधी तिथे जाऊन उभ्या राहा. कामावरून येता येणार नसेल, तर न्यायला कोण येणार ते सकाळीच सांगा. रडणं दोन-चार दिवस चालेल. आईच्या डोळ्यांत पाणी आलं तर मुलाला वाटतं, नक्कीच काहीतरी भयंकर आहे. अशा वेळी पहिले काही दिवस बाबांनी सोडायला जावं. बाबांपाशी मुलं कमी रडतात, हा पुष्कळ घरांतला अनुभव आहे.

दप्तराकडे मात्र रोज रात्री एक नजर टाका. 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. नुसती लिटरभर पाण्याची बाटलीच यातला निम्मा वाटा खाते. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर लहान बाटली द्या. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असंही तेच धोरण म्हणतं. हा विषय नवा नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्येच बिनओझ्याच्या शिक्षणाचा अहवाल दिला होता. तो वाचणारे पालक आज आजोबा झाले असतील, दप्तर मात्र अजून मोजावंच लागतं.

गावाकडे आता या तयारीला शाळाही हात देते. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत 2022 पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. अंगणात टेबलं मांडलेली, एकेका टेबलावर उड्या मारणं, कागदाची घडी घालणं, चित्र पाहून गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं. मूल कुठे कमी पडतं ते आईला तिथल्या तिथे दिसतं. मग वस्तीवरच्या आया गट करून सुट्टीभर घरच्या डाळ-तांदळानेच मुलांकडून वर्गवारी, मोजणी करून घेतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला गोरगरिबांच्या दारात बालवाडी नेली, त्या वाटेवरचंच हे पाऊल. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आयांना महागडे ‘स्कूल रेडी’ वर्ग लावण्यापेक्षा सोसायटीतल्या चौघीजणी मिळून असं काही करणं सहज जमेल.

संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला दारातच ‘‘आज काय शिकवलं?’’ विचारलं तर उत्तर एकच, ‘‘काही नाही.’’ आधी खायला द्या. मग ‘‘डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?’’ असं विचारा. आणि न विचारता बाटलीत पाणी किती उरलंय ते बघा. दोन-तीन आठवडे उलटूनही रोजची पोटदुखी, अंथरुणात शू, झोपेत दचकणं थांबलं नाही, तर बाईंना भेटा. डॉक्टरांना दाखवा, डोळे आणि कानही तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून शाळा नकोशी झालेली मुलं कमी नाहीत.

त्या पोटदुखीवाल्या मुलीच्या आईने असंच केलं. मुलीसमोर न बोलता एकटीच जाऊन बाईंना भेटली. बाईंनी वर्गात काही बोभाटा केला नाही. मधल्या सुट्टीआधी सगळ्याच मुलींनी जोडीजोडीने जायचं, एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरायचं, असा नियम करून टाकला. घरी आजीने न्हाणीघराच्या कडीवर आठवडाभर सराव घेतला. पुढच्या सोमवारी बाटली अर्धी रिकामी आली, गुरुवारी पूर्ण.