जोक मारायचा, पण कुठे?

शनिवारी संध्याकाळी करायचं काय, हा सोलापूरच्या नोकरदार तरुणाईचा कायमचा प्रश्न. पार्क चौकात चक्कर मारून झालेली असते, पिक्चर बघून झालेला असतो आणि हॉटेलात जाऊन पुन्हा तेच पनीर मागवायचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी कुणीतरी ग्रुपवर पोस्टर टाकतं: अमुक हॉटेलात स्टँडअप, तिकीट अमुक, येणार का बे? आणि चार टाळकी तयार होतात. एक माईक, एक स्टूल, त्यावर पाण्याची बाटली आणि समोर आपल्यासारखीच ऑफिसातून सुटलेली मंडळी. तासाभराचा सॉल्लिड टाइमपास.

सॉल्लिड खरा, पण सोलापूर आणि स्टँडअप हे दोन शब्द गूगलवर एकत्र टाकून बघा. पहिल्यांदा जोक येत नाही, मारहाणीची बातमी येते.

२ फेब्रुवारी २०२५ची गोष्ट. 'महाराष्ट्रीयन भाऊ' म्हणून इंटरनेटवर फेमस असलेला प्रणित मोरे सोलापुरात शो करायला आला होता. शो झाला, लोक हसले, फोटो-बिटो काढून झाले. गर्दी पांगल्यावर दहा-बाराजण फॅन असल्यासारखे जवळ आले आणि त्यांनी त्याला बदडलं. कारण? 'स्काय फोर्स'मधून नुकताच पडद्यावर आलेल्या वीर पहाडियावर त्यानं जोक मारले होते. हा पिक्चर २४ जानेवारीला लागला होता, म्हणजे सगळं प्रकरण जेमतेम नऊ दिवसांत. वीर हा सुशीलकुमार शिंदे यांचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा. त्यामुळे सोलापूरशी त्याचं नातं कसलं, हे इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुन्हा त्याच्यावर जोक करून दाखव, असा दम दिल्याचं प्रणितच्या टीमनं पोस्टमध्ये लिहिलं. सीसीटीव्हीचं फुटेज मागूनही मिळालं नाही, ही तक्रारही त्यातच होती. खुद्द वीरनं इन्स्टावर हात झटकले, मारहाणीचा निषेध केला आणि प्रणितची माफीही मागितली. पुढं पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

गंमत बघा. ज्याच्यावर जोक होता तो म्हणतो, माझं काही म्हणणं नाही. ज्यानं जोक केला त्याचं तर नव्हतंच. राग आला तो मधल्यांना. आपल्याकडे हे मधले फार! साहेबांना राग आला की नाही ते साहेबांना नंतर कळतं, यांना आधी कळतं.

प्रणितचं काही बिघडलं नाही म्हणा. त्याच वर्षी तो 'बिग बॉस'च्या एकोणिसाव्या सीझनमध्ये गेला, मध्ये आजारपणामुळे बाहेर पडला, परत आला आणि डिसेंबरमधल्या फिनालेत तिसरा आला. मुंबईचा पोरगा, पाठीशी लाखो फॉलोअर्स. त्याच्यासाठी सोलापूर हा टूरवरचा एक वाईट दिवस होता. माझी चिंता वेगळीच आहे, बॉस. त्या दिवशी प्रेक्षकांत एखादा सोलापूरचाच पोरगा बसला असेल, ज्याच्या मोबाइलच्या नोट्समध्ये वीस-बावीस जोक लिहून ठेवलेले असतील, त्याचं काय? आणि ज्या कॅफेवाल्याच्या डोक्यात 'महिन्यातून एक ओपन माईक करू या का' असं घोळत असेल, त्याचं काय?

कारण कॉमेडियन घरी तयार होत नाही. गवय्याला रियाझाला बंद खोली चालते, पेंटरला चालते. जोकवाल्याला चालत नाही. जोक चांगला आहे की टुकार हे फक्त समोरचे अनोळखी लोक सांगू शकतात. मित्र नाही, कारण ते एकतर फुकट हसतात किंवा मुद्दाम हसत नाहीत. आई तर नाहीच नाही. म्हणून क्लब लागतो. क्लब म्हणजे थोडक्यात, वाईट जोक मारायची परवानगी असलेली जागा.

लंडनमध्ये 'कॉमेडी स्टोअर' सुरू झालं १९७९ साली, सोहो भागातल्या एका स्ट्रिप क्लबच्या वर. तिथं स्टेजवर चक्क एक घंटा असायची. कलाकार बोअर करायला लागला की पब्लिक ओरडायचं आणि सूत्रसंचालक टण्णकन ती वाजवायचा. विषय संपला, खाली उतर. क्रूर वाटतं, पण त्या घंटेखालून गेलेल्या पोरांनी पुढं ब्रिटिश टीव्हीचा सगळा विनोदच बदलून टाकला. त्याच नावाचा, पण वेगळ्या मालकीचा क्लब लॉस एंजेलिसमध्ये त्याआधीपासून, म्हणजे १९७२पासून होता. तिथून डेव्हिड लेटरमन आणि जे लेनोसारखे लोक वर आले. तिथं मजा अशी की वेट्रेसला पैसे मिळायचे, बारमनला मिळायचे, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढायचे त्याला दमडी नाही. 'तुम्हाला संधी मिळतेय की' हे उत्तर! (अप्रेझलमध्ये आपल्याला मिळतं तेच.) शेवटी १९७९मध्ये कॉमेडियन्सनी संप केला, सहा आठवडे फलक घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा कुठे एका सेटला पंचवीस डॉलर पदरात पडले.

लंडनवालं 'कॉमेडी स्टोअर' २०१०मध्ये मुंबईत लोअर परळला आलं. पुढं त्याचं नाव 'कॅनव्हास लाफ क्लब' झालं. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये इंग्लिश जोक. सोलापूरकराला गिरणी म्हटलं की काय आठवतं ते सोडा, पण तिथं पहिल्यांदा रोज संध्याकाळी विनोद हा धंदा म्हणून उभा राहिला. त्याआधी टीव्हीनं वाट मोकळी करून ठेवली होतीच. २००५मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आलं आणि पहिला नंबर पटकावला तो वर्ध्याकडच्या हिंगणघाटच्या सुनील पालनं. नंतर 'झी मराठी'वर 'हास्यसम्राट' आलं आणि गावोगावचे मिमिक्रीवाले मास्तर टीव्हीवर दिसायला लागले. २०१६ला 'भाडिपा' सुरू झालं आणि सारंग साठ्ये, मंदार भिडे ही मंडळी मराठीत, जीन्स-टीशर्टवर, जशी आपण बोलतो तशी बोलू लागली. तोवर अनेकांना वाटायचं की स्टँडअप इंग्लिशमध्येच शोभतं, मराठीत केलं की त्याचं एकपात्री होतं.

आणि एकपात्री झालं तर काय बिघडलं हो? पुलंनी एकट्यानं 'बटाट्याची चाळ' उभी केली. लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न माणसं उभी केली. राम नगरकरांनी 'रामनगरी'त स्वतःच्याच आयुष्याची फिरकी घेतली, जे आजच्या प्रत्येक कॉमेडियनचं भांडवल आहे. त्याच्याही मागं जा, तमाशातला सोंगाड्या. बतावणीत समोरच्या रांगेतल्या पाटलाला हेरून त्याच्या फेट्यावर, त्याच्या पोटावर कोटी करणारा. आज याला 'क्राउड वर्क' म्हणतात आणि त्याच्या क्लिपवर लाखो व्ह्यूज मिळतात. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये ताज्या राजकारणावर टोले हाणायचे, आज पेपरात आलं की रात्री स्टेजवर. ते वगनाट्य लिहिणारे वसंत सबनीस मूळचे आपल्या सोलापूर-पंढरपूरकडचेच. म्हणजे पुढाऱ्याची टोपी उडवण्याचा कच्चा माल या मातीतून पुरवला गेलाय.

त्यात सोलापूरसारखं पब्लिक दुसरीकडे नाही. एका रिक्षात चार भाषा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, मधून मधून दख्खनी आणि या सगळ्यांवर आपली 'बे' लावलेली मराठी. पुण्यात शब्दावर हसतात, इथं सुरावर. 'काय बे' हे दोन शब्द प्रेमाचे आहेत, भांडणाचे आहेत की उधारी मागण्याचे, हे आवाजावरून कळतं. भरत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली टीव्हीवर नेली आणि महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. इंदूरच्या झाकीर खाननं छोट्या शहरातल्या पोराची हिंदी घेऊन ऑगस्ट २०२५मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाठलं. सोलापुरी बोलीचा असा भिडू अजून यायचाय. बोलीत दम नाही असं कोण म्हणेल?

मग अडतंय कुठं? हिशेब मांडू या. या धंद्याची शिडी साधारण अशी. ओपन माईकला चार-पाच मिनिटं मिळतात, पैसे नाहीत, कधी कधी उलट कॉफी आपल्यालाच विकत घ्यावी लागते. तीच पाच मिनिटं शंभरदा घासली की त्यातून खरोखर हसवणारी पाच निघतात. मग कुणाच्या तरी शोआधी दहा मिनिटं, मग पंधरा, मग बऱ्याच काळानंतर स्वतःचा तासभर. मधल्या वर्षांत पोट भरायचं ते कंपन्यांच्या फंक्शन्सवर, दुसऱ्यांसाठी लिहिण्यावर, जाहिरातींवर. नोकरी सोडायची घाई करणाऱ्यांनी 'मधल्या वर्षांत' हे दोन शब्द परत वाचावेत.

आता हे शंभर वेळा कुठं करणार? सोलापुरात शो होतो तेव्हा बाहेरून तयार माल येतो. हुतात्मा स्मृती मंदिरात टीव्हीवरचे चेहरे येतात, हॉटेलांत इन्स्टावरचे. कच्च्या मालाला जागा नाही. म्हणून पोरगा पुणं गाठतो. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जाता येतं, पण ती संध्याकाळी सहाला पुण्याहून परत सुटते आणि ओपन माईक सुरू होतात आठनंतर. म्हणजे चार मिनिटांसाठी अडीचशे किलोमीटर जा आणि परतीला मध्यरात्रीनंतर पुण्यात येणाऱ्या सिद्धेश्वरची वाट बघत स्टेशनवर बसा. दोनदा कराल, चारदा कराल. पाचव्यांदा पुण्यात खोली घ्याल. सोलापूरनं इंजिनीअर असेच घालवले, कॉमेडियनही तसेच जाणार.

इथं चांगल्या जागेचा मुद्दा येतो आणि मला वाटतं त्या फेब्रुवारीचा खरा धडा कॉमेडियनला नाही, जागावाल्याला आहे. मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट'ची मार्च २०२५मध्ये काय गत झाली ते पाहिलंच. कुणाल कामराचा व्हिडिओ बाहेर आला आणि शिवसैनिकांनी जाऊन खुर्च्या-दिवे फोडले. कामरा तेव्हा तिथं नव्हताच. क्लबनं बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. जोक एकाचा, नुकसान खुर्च्यांचं आणि त्या महिन्यात त्या स्टेजवर पहिल्यांदा उभं राहणार होती त्या पोरांचं. म्हणजे हल्ला होतो तेव्हा मोठा माणूस वाचतो, त्याच्याकडे वकील असतो, बातमी होते, तिकिटंही वाढतात. संपते ती खोली.

आणि खोली वाचवायला फार काही लागत नाही हो. दारावर एक जागा माणूस, जो शो संपल्यावरही अर्धा तास थांबेल. चालू असलेला कॅमेरा. कलाकाराला बाहेर पडायला वेगळा दरवाजा, निदान पार्किंगपर्यंत सोबत. फोटोसेशन प्रेक्षक आत असतानाच उरकणं. आणि मालकाची तयारी, की उद्या कुणी 'कोण बोललं रे ते' विचारत आला तर 'पोलिसांत जा, तिथं बोलू' असं म्हणायची. ही शेवटची गोष्ट महाग आहे, मान्य. मालकाला याच गावात धंदा करायचाय, त्याचं लायसन्स आहे, त्याला सगळ्या पार्टीवाल्यांना गणपतीची वर्गणी द्यायचीय. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. पण प्रेक्षकानं थोडं वजन टाकलं तर त्याचाही कणा ताठ होतो. त्या दिवशी शो बघायला आलेल्यांपैकी पन्नासजण जरी दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन 'आम्ही तिकीट काढून हसलो होतो, आमचीही तक्रार घ्या' म्हणाले असते तर? कल्पना करा, जबाबात लिहिलंय: फिर्यादी मोठ्यानं हसला.

जोक आवडला नाही तर काय करायचं, याची पद्धत ठरलेलीच आहे. हसायचं नाही. ही इतकी वाईट शिक्षा आहे की कुठल्याही कॉमेडियनला विचारा, तो म्हणेल त्यापेक्षा घंटा बरी.

तर सध्या एवढंच. तुमचा कॅफे चालवणारा एखादा मित्र असेल, आणि सोलापुरात प्रत्येकाचा एक असतोच, तर त्याला विचारा मंगळवारी रात्री किती टेबलं भरतात. तीन म्हणाला तर त्याला माईक आणि स्पीकरचं भाडं सांगा. शनिवार नको, शनिवार तयार मालाचा. मंगळवार कच्च्यांचा. तीस खुर्च्या बास, आणि जाताना दोघा-तिघांना घेऊन जा, कारण पहिल्या मंगळवारचे जोक भयानक असणार आहेत.