वाट पाहण्याचा उपदेश

नव्या पिढीचे एखादे गेमिंग कन्सोल अमेरिकेत किंवा जपानात विक्रीला येते, आणि आपल्याकडे ते कधी येणार याचा पत्ता नसतो. मग कोणी ते हाँगकाँगच्या दुकानातून मागवतो, कोणी सिंगापूरहून परतणाऱ्या मित्राच्या सामानातून आणवतो. लगेच उपदेश सुरू होतात. 'चार महिने धीर धरवत नाही का?' 'वॉरंटी नाही, उद्या बिघडले तर?' 'ही हौस कसली, हे तर हपापलेपण!' असे म्हणणाऱ्यांत आमच्यासारखे साहित्य शिकवणारे पुष्कळ असतात, ही खेदाची गोष्ट आहे. प्रत्येक संहितेला 'हे कोण बोलते आहे आणि कोणाच्या वतीने' असे विचारण्यात ज्यांची हयात गेली, तेच इथे कंपनीच्या वेळापत्रकाला ऋतुचक्राइतके नैसर्गिक मानून मोकळे होतात.

आमचे म्हणणे सरळ आहे. स्थानिक विक्रीची वाट पाहण्यात कसलाही सद्गुण नाही. ती एक रांग आहे. ती कोणीतरी आखली आहे, आणि आपला क्रमांक कितवा हे ठरवताना आपल्याला कोणी विचारलेले नाही. पूर्ण किंमत मोजून, जकात भरून अस्सल वस्तू परदेशातून आणणाऱ्याने ही रांग मोडली, तर त्याला खजील करण्याचे काहीही कारण नाही.

रांग कशी आखली जाते ते पाहू. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन २२ नोव्हेंबर २०१३ रोजी तेरा देशांत आले. भारतात ते आले २३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे दहा महिन्यांनी. या विलंबाची कारणे देताना आपल्याकडचे जाणकार सीमाशुल्क, मानके, वितरणाचे जाळे अशी जडजड नावे घेतात. ती कारणे खोटी नाहीत. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम्सना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची करणारा आदेश २०१२ सालचा आहे. पण त्याच हंगामात प्रतिस्पर्धी सोनीचे प्लेस्टेशन ४ अमेरिकेत आले आणि दोन महिन्यांच्या आतच, जानेवारी २०१४ मध्ये, भारतात पोहोचले. देश तोच, नियम तेच. मग उरलेल्या आठ-साडेआठ महिन्यांचा हिशेब कोणी द्यायचा? तो द्यायचा कंपनीच्या प्राधान्यक्रमाने. आणि त्या प्राधान्यक्रमाला 'धीर' हे नाव देऊन आपण त्याचे ओझे गिऱ्हाइकाच्या चारित्र्यावर टाकतो.

दहा महिन्यांच्या विलंबात ते यंत्र आपली भाषा बोलायला शिकले असते, तर आम्ही आनंदाने थांबलो असतो. अनुवादाला वेळ लागतो हे आम्हांला कोणी सांगायला नको. परंतु उशिरा आलेल्या त्या यंत्राच्या पडद्यावर मराठी नव्हती. लवकर आलेले आणि उशिरा आलेले यंत्र आपल्या वाचकाशी सारख्याच परक्या भाषेत बोलत होते.

साहित्याच्या पानांवर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यासाठी २०१३ सालचीच एक गोष्ट आठवावी. पोलिश लेखक आंद्रेई सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांवर आधारित 'द विचर' ही खेळमालिका पोलंडमधल्याच 'सीडी प्रोयेक्ट' या संस्थेने रचली. तिचा तिसरा भाग ज्या यंत्रांसाठी तयार होत होता त्यांत एक्सबॉक्स वन होते. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले, की हे यंत्र आरंभी ठरावीक एकवीस देशांतच चालेल. त्या यादीत पोलंड नव्हता, जपान नव्हता. भारताची तर गोष्टच सोडा. म्हणजे पोलिश कादंबरीतून जन्मलेली, पोलिश कारागिरांनी घडवलेली कलाकृती त्या यंत्रावर पोलंडमध्येच उघडणार नव्हती. यंत्र विकत आणले तरी त्याने कोणत्या भूमीवर जागे व्हायचे हे विक्रेता ठरवणार होता. लोकांनी गहजब केला, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला कंपनीने ही अट मागे घेतली. रांगेत मुकाट उभे राहणाऱ्यांमुळे ती अट गेली नाही, हे उपदेशकांनी ध्यानात घ्यावे.

याहून कठोर उदाहरण २००६ सालचे आहे. सोनीचे पीएसपी हे हातात धरून खेळायचे यंत्र १२ डिसेंबर २००४ रोजी जपानात आले, मार्च २००५ मध्ये अमेरिकेत आले आणि युरोपला १ सप्टेंबर २००५ पर्यंत तिष्ठत ठेवले गेले. दरम्यान हाँगकाँगचे लिक-सांग हे दुकान जगभरच्या उतावळ्यांना अस्सल जपानी यंत्रे पाठवत होते. सोनीने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर विकलेली वस्तू व्यापारचिन्हाच्या मालकाच्या संमतीवाचून आत आणून विकता येत नाही, असा तिथला कायदा होता. त्याच महिन्यात लिक-सांग बंद पडले. सोनीने आपल्या बाजूने ग्राहकाच्या सुरक्षिततेचा मुद्दाही पुढे केला होता. त्या यंत्राचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालणारा होता, याची नोंद इथे केलेली बरी. माल अस्सल होता, पैसे मूळ कंपनीलाच पोहोचले होते. अपराध एवढाच, की वस्तूने नकाशावरची रेषा वेळेआधी ओलांडली.

ही रेषा आपल्या ओळखीची आहे. इंग्रजी पुस्तकांच्या मलपृष्ठावर 'केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी' हा शिक्का आपण सर्वांनी पाहिला आहे. कीर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने मायदेशातल्या स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत नेऊन विकल्या, तेव्हा जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याला न्यायालयात खेचले. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या विद्यार्थ्याची बाजू उचलून धरली: कायदेशीरपणे छापलेली प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाची सत्ता राहत नाही, मग ती छापली कुठेही असो. आपल्याकडे २०१० च्या प्रताधिकार दुरुस्ती विधेयकात परदेशी आवृत्त्यांच्या आयातीला वाट देणारी तरतूद होती. प्रकाशकांनी विरोध केला आणि २०१२ च्या कायद्यातून ती गळाली. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी आवाज उठवला? आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या छपाईयंत्रांच्या खटल्यात मात्र असा निर्वाळा दिला, की परदेशात रीतसर विकत घेतलेली अस्सल वस्तू इथे आणून विकता येते. फक्त मूळ कंपनीची वॉरंटी नाही हे ठळकपणे सांगावे लागेल. गिऱ्हाइकाला खरे सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा, इतका साधा हा न्याय आहे. उपदेशकांना तेवढाही रुचत नाही.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांविषयी. जकात चुकवून आलेल्या मालाची वकिली आम्ही करत नाही. एकाच वेळी दहा यंत्रे अडवून ती दुपटीने विकणारा साठेबाजही आमचा नायक नव्हे. तो दुसरी, अधिक निर्दय रांग लावतो. ज्याचा आप्त परदेशी आहे किंवा ज्याच्या खिशात जादा पैसे आहेत त्यालाच ही वाट खुली आहे, हा आक्षेप तर आम्हांला पुरता मान्य आहे. पण त्यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? काहींनाच सुटता येते म्हणून सर्वांनी अडकून राहावे, हा समतेचा विचार होत नाही. ती वाट सर्वांना खुली व्हावी, अशी मागणी करणे हा समतेचा विचार. बिघाडाचा धोकाही खरा आहे, आणि तो मागवणाऱ्याने जाणूनबुजून पत्करलेला असतो.

आणि राज्यसंस्था तरी काय मागते? डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून येणाऱ्या वस्तूंची आयात बंद केली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. मात्र पूर्ण शुल्क भरून वस्तू आणण्याची मुभा राहिली. म्हणजे सरकार जकात मागते, धीर मागत नाही. धीर मागतात ते कंपनीचे विपणन विभाग, आणि त्यांची री फुकट ओढणारे आपण.

मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचे स्विच बाजारात आले तेव्हा विक्रीच्या देशांत भारत नव्हता. जून २०२५ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, तेव्हाही नव्हता. आठ वर्षांत एक मूल पहिलीतून नववीत जाते. त्या मुलाला 'थांब' म्हणणाऱ्याने कधीपर्यंत, हेही सांगायला हवे होते. ते सांगता येत नसेल, तर वर्गात पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी परदेशातून आणवलेले यंत्र दाखवील तेव्हा 'तुला थांबवले नाही का?' हा प्रश्न आपण गिळून टाकावा. त्याला थांबवून कोण ठेवत होते, हे त्याच्याबरोबर बसून शोधावे. आपल्या विभागाच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे न आलेल्या पुस्तकांचा शोधही मग तिथूनच सुरू करता येईल.